पिकअपचं स्टिअरिंग भरकटतंय, टाय रॉड एन्ड गेलाय हे नक्की कसं ओळखायचं? स्वतः बदलता येईल का?

मातीची_वाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी डबल कॅब पिकअप आहे. मागच्या चाकांवर चालते, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, रॅक-पिनियनचं (पिनियनचं दातेरी चाक फिरलं की रॅकचा दातेरी दांडा आडवा सरकतो) हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग. १ लाख ४० हजार किमी झालेत. महिन्यातले निम्मे दिवस माल भरून कच्च्या रस्त्यावर जाते.

गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी जाणवतायत. सरळ रस्त्यावर ६०-७० च्या वेगाला गाडी एका रेषेत राहत नाही, हात सतत थोडा इकडे, थोडा तिकडे करावा लागतो. जागेवर वळवताना स्टिअरिंगची दिशा बदलली की खालून डावीकडून 'टक' असा एकच आवाज येतो, फिरवत राहिलं की येत नाही. आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजलीय, बाहेरून बघितलं तर टायर ठणठणीत दिसतो.

चार महिन्यांपूर्वी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं होतं. तीन आठवडे बरं वाटलं, मग परत तेच. एका गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं की दोन्ही बाजूंचे टाय रॉड एन्ड (टाय रॉडचा चाकाकडचा सांधा), रॅक एन्ड (रॅककडचा आतला सांधा) आणि जमलं तर रॅकही बदला. गाडीखाली कुणी वाकून बघितलं नाही. बदलायला माझी ना नाही, पण नक्की काय गेलंय ते आधी कळायला हवं. पाने, जॅक, दोन स्टँड घरी आहेत. ब्रेक पॅड, बेअरिंग स्वतः बदललेत.

शांतपणे_चालवा

आधी चारही टायरची हवा थंड असताना बघा. पुढच्या दोन टायरमध्ये फरक असेल तर गाडी ओढते, हवा कमी असेल तर पोहते. पाच मिनिटांचं काम आहे, ते झाल्याशिवाय खाली झोपू नका.

जुना_चेसिस

मातीची_वाट, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. ही तिन्ही लक्षणं टाय रॉडकडे बोट दाखवतात, पण शिक्का मारू नका. भरकटणं बेअरिंगमुळे येतं, बॉल जॉइंटमुळे (चाक आणि सस्पेन्शन जोडणाऱ्या गोळी-वाटीच्या सांध्यामुळे) येतं, रॅकच्या माउंटिंग बुशमुळे येतं, स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या क्रॉसमुळेही येतं. प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, कुठे आहे ते हातानं शोधायचं.

अलाइनमेंट तीन आठवडे टिकलं यातच मला अर्धं उत्तर दिसतं. अलाइनमेंट करताना गाडी उभी असते, सांधा जिथे टेकलाय तिथेच मोजलं जातं. तुमची गाडी मागून ढकलली जाते, त्यामुळे चालताना पुढची चाकं रस्त्याच्या ओढीनं बाहेरच्या बाजूला उघडू बघतात. टाय रॉड घट्ट असेल तर ती उघडत नाहीत. सांध्यात प्ले असेल तर तेवढी उघडतात, आणि आतली कड घासत जाते. मशीनवर आकडे बरोबर आणि रस्त्यावर चूक, असं त्यामुळे होतं.

आता तपासणी. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. पुढचा भाग उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर हलवाहलव करायची नाही, ही तपासणी म्हणजे गाडीला धक्के देणंच आहे.

घड्याळाच्या ३ आणि ९ वर हात ठेवून चाक आडवं हलवा. मग १२ आणि ६ वर ठेवून उभं हलवा. फक्त आडव्यात 'कट-कट' लागलं तर स्टिअरिंगच्या बाजूचं काही तरी. फक्त उभ्यात लागलं तर बॉल जॉइंट. दोन्हीत सारखंच लागलं तर बहुधा हब बेअरिंग. तेव्हा कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकनं डिस्क आणि हब जखडतात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले गायब होतो, सांध्यांचा तसाच राहतो. ही एक युक्ती लक्षात ठेवली तर निम्मी चुकीची खरेदी वाचते.

बॉल जॉइंट बघायचा असेल तर स्टँड कुठे लावता त्याला महत्त्व आहे. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असेल तर खालच्या आर्मला टेकू द्या. चेसिसला टेकू दिलात तर स्प्रिंग सांध्याला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो.

वर्कशॉपवाली

काकांच्या म्हणण्यात एक भर. चाक हवेत असताना जो प्ले सापडत नाही तो चाक जमिनीवर असताना सापडतो. तुमचा 'टक' जागेवर वळवताना येतो, म्हणजे भार असताना येतो, तर भार ठेवूनच शोधा.

गाडी चाकांवर उभी, न्यूट्रल, हँडब्रेक, ठोकळे. एक माणूस आत बसून स्टिअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहील, घड्याळाच्या ११ ते १ एवढंच, चाक वळू न देता. पॉवर स्टिअरिंग आहे म्हणून इंजिन चालू ठेवा. आतल्या माणसाला आधीच सांगून ठेवा की गिअरला हात लावायचा नाही. तुम्ही बाजूनं वाकून टाय रॉड एन्डवर हात ठेवा, बोटं अर्धी सांध्याच्या वाटीवर आणि अर्धी नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्यावर, म्हणजे स्टड बसतो त्या भोकाच्या कडेवर. चांगला सांधा असेल तर दोन्ही एकदम सरकतात. गेलेला असेल तर आधी रॉड सरकतो, मग खट् करून नकल. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं.

मग हात आत न्या आणि रॅकचा रबरी बेलो (घड्यांचं आवरण) चिमटीत दाबून आतला सांधा पकडा. तिथेही तेच बघा. रॅक एन्ड बेलोच्या आत लपलेला असल्यानं बरेच जण त्याला सोडून देतात.

आणि एक गैरसमज. टाय रॉड हातानं धरून स्वतःभोवती फिरवला तर तो थोडा फिरतोच, पुढे-मागे गोल डोलतो. ती झीज नाही, तो बॉल जॉइंट आहे, त्याला फिरायचंच असतं. रॉडच्या लांबीच्या दिशेनं किंवा स्टडच्या (गोळीला जोडलेल्या दांडीच्या) आडवा प्ले असेल तरच तो गेला. चांगले एन्ड केवळ 'फिरतात' म्हणून काढून टाकलेले मी खूप पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटतं.

आटे_मोजणारा

टायर हातानं चाचपून बघितला का? तळवा नक्षीवरून आतून बाहेर न्या, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागत असेल तर टो (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते माप) बिघडलेला आहे. आतली कड नुसतीच गुळगुळीत झिजलीय, दाते नाहीत, तर कॅम्बरही (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) बघावा लागेल, तो टाय रॉडनं बिघडत नाही.

मातीची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी केलं, जसं झालं तसं लिहितो.

हवा बरोबर निघाली. टायर चाचपला, करवत स्पष्ट लागते, आतल्या बाजूला जास्त.

उचलून हलवलं. उजवं चाक दोन्हीकडे घट्ट. डावं चाक १२-६ ला घट्ट, ३-९ ला खडखडतंय. ब्रेक दाबून परत हलवलं, प्ले तेवढाच राहिला. म्हणजे बेअरिंग नाही.

मग खाली उतरवून भावाला आत बसवलं. वर्कशॉपवाली ताई, तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं, आधी रॉड आणि मग खट्. डाव्या आउटरवर, म्हणजे बाहेरच्या टाय रॉड एन्डवर. सांध्यावरचं रबरी बूट फाटलेलं आहे आणि दाबलं तर ग्रीसऐवजी गंजलेलं तांबडं पाणी आलं. उजवा आउटर, उजवा रॅक एन्ड घट्ट. डाव्या रॅक एन्डचं मात्र मला सांगता येत नाहीये. बाहेरचाच इतका हलतोय की आत काय होतंय ते कळत नाही.

दोन प्रश्न: तोवर गाडी चालवू का? आणि चारही बदलू की एकच?

जुना_चेसिस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माल भरून नाही, वेगात नाही, आणि खरं तर नाहीच. गोळी वाटीतून निसटली की ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, त्याला वाटेल तिकडे वळतं, आणि दुसरं चाक तुम्ही धरलेल्या दिशेला जात राहतं. तेव्हा ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबत नाही. तांबडं पाणी निघालंय म्हणजे आत गोळी आणि वाटी दोन्ही खाल्ली गेलीत. उभी ठेवा.

दुसऱ्याचं: मी असतो तर दोन्ही आउटर बदलले असते. दोन्ही एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर चाललेले, आणि अलाइनमेंट तर एकदाच करायचंय.

वर्कशॉपवाली

काका, इथे माझं मत वेगळं आहे. उजव्याचं बूट अखंड आहे, प्ले नाही, मग तो सहा महिन्यांत जाईल असं मानायला कारण नाही. डावा वयानं गेलेला नाही, बूट फाटून पाणी आणि माती आत गेल्यानं गेलाय. घट्ट, सीलबंद, मूळचा एन्ड काढून कुठल्या तरी अनोळखी मालाचा लावणं याला मी सुधारणा म्हणणार नाही.

मातीची_वाट, 'बाहेरचा हलतो म्हणून आतलं कळत नाही' हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. मोठा प्ले छोट्याला झाकतो. बाहेरचा बदला आणि अलाइनमेंटला जायच्या आधी तीच तपासणी परत करा.

जुना_चेसिस

बूट अखंड असेल तर तुमचं म्हणणं पटतं. मी नेहमी जोडीनं बदलत आलो ते मुख्यतः सवयीनं.

आता काम कसं करायचं ते लिहितो. घाई करू नका, अर्धा दिवस धरा.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं चेक नट (एन्डला रॉडवर जखडणारा नट) आणि त्याच्या शेजारचे उघडे आटे घासून काढा, गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग उचला, स्टँड, चाक काढा आणि ते चाक आडवं करून चेसिसखाली सारून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्यावर नाही.

काहीही सोडण्याआधी माप घ्या. 'किती फेरे फिरवून निघाला ते मोजा आणि तेवढेच फेरे परत लावा' असं बहुतेक ठिकाणी सांगतात. फेरे मोजाच, पण नव्या एन्डची लांबी जुन्याएवढीच असेल असं नाही, आटे कुठून सुरू होतात तेही वेगळं असू शकतं. म्हणून रॉडवर पंचनं एक ठिपका मारा आणि त्या ठिपक्यापासून स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. लावताना हे अंतर जुळवा.

चेक नट पाऊण-एक फेरा सैल करा. रॉडवर पाना बसायला दोन सपाट कडा असतात, एका पान्यानं रॉड धरा, दुसऱ्यानं नट. रॉड न धरता नटावर जोर लावलात तर सगळा पीळ रॅक एन्डवर आणि बेलोवर जातो.

स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) सरळ करून ओढा. कॅसल नट (स्टडवरचा खाचांचा नट) सोडा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे धरलेले राहू द्या, सुटताना उडत नाही. मग पुलर (स्टड ढकलून सोडवायचं हत्यार) लावा आणि ताणा. ताणून ठेवलेल्या अवस्थेत नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोडीचा एक नेमका घाव द्या. स्टडच्या टोकावर नाही, बाजूवर. त्या धक्क्यानं टेपर (निमुळत्या भोकात रुतलेला स्टड) सुटतो, बंदुकीच्या बारासारखा आवाज येईल, दचकू नका. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडी नको, फक्त पुलर.

शांतपणे_चालवा

दोन पात्यांचा फोर्क घालून ठोकला तर पटकन निघतो. पुलर नसेल तर तो चालेल का?

जुना_चेसिस

निघतो, पण बूट फाडूनच निघतो. टाकून द्यायचा एन्ड असेल तर ठीक. रॅक किंवा शॉक बदलायचा म्हणून चांगला एन्ड सोडवत असाल तर फोर्क अजिबात नको. गॅसच्या ज्योतीनं डोळा तापवणंही नको. आजूबाजूला ब्रेकची नळी आहे, रबर आहे, आणि नकलच्या पोलादाला अशी आग मानवत नाही.

नवा एन्ड लावताना नकलच्या डोळ्याचं टेपर भोक कोरडं पुसून घ्या. तिथे ग्रीस लावायचं नाही. टेपर कोरड्या घर्षणावरच धरून राहतो. ग्रीस लावलंत तर त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड नको तितका आत ओढला जातो. ग्रीस लागतं ते रॉडच्या आट्यांना, पुढच्या वेळी सुटावेत म्हणून.

कॅसल नट तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. भोक आणि खाच जुळली नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा, मागे कधीही सैल करू नका. स्प्लिट पिन नवीनच. कॅसल नटाऐवजी नायलॉनचा नट असेल तर तोही नवीनच.

चेक नट शेवटी आवळा, आणि तो आवळताना एन्डची वाटी स्टडवर मध्यात असू द्या, पुढे किंवा मागे कलंडलेली नको. कलंडलेल्या अवस्थेत आवळली तर पूर्ण वळवल्यावर सांधा आधी टोकाला भिडतो आणि नवा कोरा एन्ड वर्षभरात जातो.

मातीची_वाट

अडकलोय. चेक नट सुटला, स्प्लिट पिन तुकड्या-तुकड्यानं निघाली. पण कॅसल नट सोडताना अर्ध्यावर आला आणि आता स्टडच त्याच्यासोबत फिरतोय. पुलर तर अजून लावलेलाही नाही. नटाचे आटे गंजलेत. गाडी स्टँडवर आहे, काम थांबवलंय.

वर्कशॉपवाली

थांबलात ते बरं केलंत. टेपर आधीच सैल झालाय आणि नट घट्ट आहे, म्हणून असं होतं. टेपर परत जखडवायचा.

तुमचा स्टड खालून वर येतो आणि नट वर आहे ना? मग एन्डच्या वाटीखाली छोटा जॅक लावा, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा, आणि हळूहळू वर दाब द्या. गाडी स्टँडवरून उचलेल इतका नाही, एन्ड डोळ्यात घट्ट रुतेल इतकाच. आटे ब्रशनं स्वच्छ करून तेल सोडा, दहा मिनिटं थांबा. मग नट सोडा, मध्ये मध्ये थोडा उलटा आवळून परत सोडा म्हणजे गंजाची भुकटी बाहेर पडेल.

नट खाली असता तर वरून पहारीनं दाबून हेच करायचं. काही स्टडच्या टोकाला अॅलन की बसायला षटकोनी खाच असते, असेल तर तीही वापरा, पण गंजलेल्या नटापुढे ती खाच लवकर गोल होते. यातलं काहीच जमलं नाही तर नट कापायचा, एन्ड तसाही टाकूनच द्यायचाय. कापताना नकलला आणि ब्रेकच्या नळीला पाते लागू देऊ नका.

मातीची_वाट

निघाला! जॅकचा दाब दिल्यावर तिसऱ्या प्रयत्नात नट सुटला. ताई, तुमचे किती आभार मानू. जुना एन्ड हातात घेतला तर स्टड नुसता लटकतोय, हलवला की वाजतो. तुलनेसाठी नवा एन्ड हातात धरला, स्टड दोन बोटांनी हलतसुद्धा नाही. फरक इतका असेल असं वाटलं नव्हतं.

फेरे मोजले होते, १९ निघाले. ठिपक्यापासूनचं अंतर जुळवलं तर नवा एन्ड १७ फेऱ्यांनाच बसला. काका, तुम्ही मापाचं सांगितलं नसतं तर दोन फेऱ्यांची चूक झाली असती.

आटे_मोजणारा

दोन फेऱ्यांची चूक म्हणजे किती ते आकड्यात मांडतो, कारण लोक याला किरकोळ समजतात.

आटे १.५ मिमीचे आणि नकलचा स्टिअरिंग आर्म १५० मिमी लांबीचा धरू. एका पूर्ण फेऱ्याला रॉडची लांबी १.५ मिमीनं बदलते, म्हणजे चाक १.५ भागिले १५०, ०.०१ रेडियन वळतं. अंशात ०.५७. टायरचा व्यास ७०० मिमी धरला तर त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेत ७ मिमीचा फरक. हा एकाच फेऱ्याचा. दोन फेऱ्यांचा १४ मिमी. टो मात्र एक-दोन मिमीच्या हिशोबात लावला जातो.

गाडी चालताना ही चूक दोन्ही पुढच्या चाकांत वाटली जाते आणि स्टिअरिंग तेवढं तिरकं बसतं. एका फेऱ्याची चूक असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ०.००५ रेडियन, म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक चाक ५ मीटर आडवं घासत जातं. दोन फेऱ्यांत १० मीटर. हजार किलोमीटरमध्ये १० किलोमीटर आडवं घासणं. टायर किती दिवस टिकेल ते तुम्हीच बघा.

म्हणून माप जुळवलं तरी ते फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं. टेपनं किंवा दोरीनं अर्ध्या मिमीपर्यंत पोचता येत नाही.

मातीची_वाट

अलाइनमेंटला निघण्याआधी ताईंनी सांगितलं तसं परत तपासलं. भाऊ आत, मी खाली. बाहेरचा आता दगडासारखा. आणि आता बेलोमध्ये बोटांना बारीक 'टिक' लागतंय. हवेत उचलून ३-९ ला हलवलं तर अगदी थोडं, पण आहे. उजव्या बाजूला नाही. बेलो कुठेही फाटलेला नाही.

वर्कशॉपवाली

मग डावा रॅक एन्डही गेलाय. अलाइनमेंट करू नका, पैसे आणि वेळ दोन्ही जातील. बाहेरच्या सैल सांध्याचे ठोके इतके महिने आतल्यालाच बसत होते.

रॅक एन्डसाठी बेलोचे दोन्ही पट्टे काढा, आउटर आणि चेक नट काढून बेलो बाहेर ओढा. माप परत लिहून ठेवा. आतल्या बाजूला वाटीवर लॉक वॉशरची दुमडलेली कड असेल तर ती आधी सरळ करा. लांब नळीसारखं खास हत्यार मिळतं, ते रॉडवरून सरकवून वाटीवर बसतं. पाईप पान्यानंही सुटतो पण वाटी आणि रॅक दोन्हीवर ओरखडे पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं हे की सोडताना आणि आवळताना रॅकचा दांडा दुसऱ्या पान्यानं धरायचा. रॅकच्या टोकाला त्यासाठी सपाट कडा असतात, त्या उघड्या याव्यात म्हणून स्टिअरिंग थोडं वळवून घ्या. न धरता जोर लावलात तर सगळा पीळ रॅकच्या आणि पिनियनच्या दातांवर जातो. टाय रॉड बदलायला गेले आणि रॅक खराब करून आले, असं त्यामुळेच होतं. रॅकचा जो भाग सीलमधून आत-बाहेर सरकतो त्याच्या चकचकीत पृष्ठभागाला पाना लागू देऊ नका, ओरखडा पडला की तेल गळायला लागतं.

बेलो काढल्यावर आत बघा. कोरडा असेल तर बरं. पॉवर स्टिअरिंगचं तेल साचलेलं असेल तर रॅकचं सील गळतंय, मग गोष्ट वेगळी. बेलो परत लावताना त्याला पीळ बसलेला नाही ना ते बघा, आणि बाहेरच्या पट्ट्याखाली रॉडवर थोडं ग्रीस लावा, म्हणजे अलाइनमेंटवाल्यानं रॉड फिरवला तर बेलो सोबत पिळणार नाही.

जुन्या_बांध्याची

मध्येच विचारते, माफ करा. माझी पिकअप जुनी आहे, रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स आहे. हीच पद्धत चालेल का? टाय रॉडच्या मध्ये एक नळी दिसते, तिला दोन क्लॅम्प आहेत.

जुना_चेसिस

तपासायची पद्धत तीच, ठिकाणं जास्त. ती नळी म्हणजे अॅडजस्टिंग स्लीव्ह. तिच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे, म्हणून स्लीव्ह फिरवली की दोन्ही बाजूंनी लांबी वाढते किंवा कमी होते. तेव्हा एक एन्ड उजवीकडे फिरवून निघेल आणि दुसरा डावीकडे. जोर लावण्याआधी आटे बघा. नवा घेतानाही आट्यांची दिशा सांगून घ्या.

स्लीव्ह गंजून जखडलेली असेल तर क्लॅम्प सोडून तिची फट थोडी उघडा आणि तेल सोडा. क्लॅम्पचे बोल्ट परत आवळताना ते वळताना चेसिसला किंवा आर्मला घासणार नाहीत अशा बाजूला ठेवा.

स्टिअरिंग बॉक्सच्या गाडीत आयडलर आर्म (बॉक्सच्या विरुद्ध बाजूनं स्टिअरिंगच्या दांड्याला आधार देणारा आर्म) विसरू नका. टाय रॉड सगळे नवीन आणि गाडी तरी भरकटते, असं असेल तर मी आधी आयडलर आर्म वर-खाली हलवून बघतो. बॉक्सवरचा प्ले कमी करणारा स्क्रू सगळ्यात शेवटी, सांधे तपासून झाल्यावर. सांध्यांचा प्ले बॉक्स आवळून झाकायला गेलात तर बॉक्स मध्यावर जड होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतः परत येत नाही.

जुन्या_बांध्याची

उलट्या आट्यांचं माहीतच नव्हतं, आभार. माझ्या एन्डना ग्रीसचं निपल आहे. किती भरायचं?

वर्कशॉपवाली

निपल आधी पुसा, नाहीतर वरची माती आत ढकलली जाते. मग हळूहळू भरा, बूट जरासं फुगलं की थांबा. तडस लागेल इतकं भरलंत तर बूट फुटतं किंवा कडेनं सुटतं, आणि तिथूनच पाणी आत जातं. काही बूटांना जुनं ग्रीस बाहेर यायला जागा असते, तिथे नवं ग्रीस दिसेपर्यंत भरायचं.

मातीची_वाट

काम पूर्ण झालं, उशिरा लिहितोय.

हत्यार दोन दिवसांसाठी एका ओळखीच्याकडून आणलं. रॅक धरून, वॉशर सरळ करून रॅक एन्ड सुटला. बेलो आतून कोरडा होता. जुन्या रॅक एन्डचा रॉड आडवा धरला की स्वतःच्या वजनानं टोक खाली पडतं, नव्याचं मी वळवेन तिथेच राहतं. लावून परत भावाला आत बसवलं, आता कुठेच काही नाही. 'टक' गेला.

मग अलाइनमेंट केलं. निघण्याआधी त्यांच्याकडून आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहून घेतले. माझ्या मापानं टो बराच चुकलेला होता, आणि स्टिअरिंग डावीकडे थोडं तिरकं होतं. आता मध्यावर आहे. व्हील नट १०० किमीनंतर परत टॉर्क पान्यानं बघितले, एक नट थोडा आवळावा लागला.

आज ९०० किमी झाले, त्यातले दोन फेरे माल भरून. ७० ला एका हातानं सरळ जाते. उजवी बाजू तशीच ठेवलीय, बूट अखंड आहे, दर ऑइल बदलताना हात लावून बघणार आहे.

एक शंका राहिली. पुढून डावीकडून अजून घूं-घूं असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. परत बेअरिंगकडे वळू का?

आटे_मोजणारा

आधी पुढची दोन्ही चाकं मागे टाका आणि एक फेरी मारा. आवाज मागे गेला तर तो टायरचा आहे. करवतीसारखी झिजलेली नक्षी अलाइनमेंट झालं म्हणून लगेच सपाट होत नाही. आवाज पुढेच राहिला तर मग बेअरिंग.

पण मागे टाकण्याआधी आतल्या कडेवर बोट फिरवा. कुठे तार किंवा कापड दिसत असेल तर तो टायर मागेही नको.

मातीची_वाट

आवाज मागे गेला. तार दिसत नाही, पण आतल्या कडेला झीज दाखवणाऱ्या उंचवट्यापर्यंत नक्षी संपलीय. माल भरून चालवायची गाडी आहे, दोन्ही पुढचे टायर नवीन घेतो.